पाठीवरची गादी

सोजराबाईच्या मते जगात खरं माणूस एकच, ती स्वतः. दुसरं अजून सापडायचं होतं. दूध न पोळताच ताक फुंकून पिणारी बाई ती. नवरा शालिग्राम मात्र भोळा सांब. कुणी काहीही सांगावं, त्यानं मान डोलवावी.

शालिग्राम मलेरियाच्या खात्यात होता. सोनाळ्याहून सातपुडा पायी चढायचा, वस्त्यांवर तापकऱ्यांचं रक्त काचेवर घ्यायचं आणि अंधार पडेल तिथं अंग टाकायचं. घोंगडी वाहून खांदे भरून येत, आणि नुसत्या सतरंजीतून ओल वर येई. यंदा त्याची कंबर अशी धरली की साहेबानं स्पष्टच सांगितलं, चालणं होत नसेल तर नोकरी सोड.

गफ्फार पिंजारी त्याचा लहानपणचा सोबती. तो म्हणाला, "पाय जमिनीवर राह्यले तं चालते बे, कंबर नाही. गुडघ्यापावतर अरुंद गादी करून देतो. गुंडाळली का पाठीवर."

"गुडघ्यापावतर?" सोजराबाईनं कान टवकारले. "अन् बाकीचा कापूस?"

पिंजाऱ्याकडे कापूस दिला की घरच्या बाईनं समोर बसून राखण करायची, ही गावाची रीतच. सोजराबाई गफ्फारच्या अंगणात ठाण मांडून बसली. धनुकली वाजत राहिली, कापूस फुलत गेला. मध्येच गफ्फारच्या बायकोनं, खुर्शीदानं, तिला चहाला आत बोलावलं. ती बाहेर आली तोवर खोळ भरून शिवायला घेतली होती.

झालं! गादी एका हातानं उचलली गेली. हलकी हवी म्हणून केली होती, तरी इतकी हलकी? गफ्फारनं उरलेला कापूस गाठोड्यात बांधून परत दिला, त्यानं तर तिचा संशय पक्काच झाला.

"चोर वाटी परत करते, म्हंजे हंड्याचं कोणी इचारू नाही," तिनं विहिरीवर सांगितलं. "आपला कापूस ठेवला अन् जुना भरला त्यानं." चार बायकांनी ऐकलं, आठ दिवसांत साऱ्या गावानं. गावाचा कापूस शेजारच्या वरवट बकालच्या पिंजाऱ्याकडे जाऊ लागला.

शालिग्राम खात्याच्या कामानं मलकापूरला गेला, तेव्हा तिनं गादी उसवली. आत पांढराशुभ्र, तिचाच कापूस होता. तिला आनंद झाला नाही, उलट रागच आला. कापूस परत कोंबून तिनं कडा शिवून टाकली. कापूस जागच्या जागी धरणारे मधले टाके तिला जमले नाहीत, तेवढ्यानं काय होतं म्हणून ते राहू दिले.

ती गादी घेऊन शालिग्राम डोंगरात गेला. आणि बैलगाडीत निजून परत आला. कापूस दोन्ही टोकांना सरकला होता. कमरेखाली नुसतं कापड, त्याखाली खडक.

"तू म्हनत होती थे खरं होतं," तो खाटेवरून म्हणाला. "गफ्फारनं मायी नोकरी खाल्ली. चावडीवर खेचतो त्याले."

तू म्हणत होती ते खरं! हे ऐकायला ती लग्नापासून आसुसलेली होती. आणि आता ऐकल्यावर तिला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. गफ्फारच्या अंगणात धनुकली वाजल्याला किती दिवस झाले होते.

"त्याचा गुन्हा नाही," ती म्हणाली. "म्या उसवली होती. टाके मीच तोडले."

शालिग्राम तिच्याकडे बघत राहिला. दूधवाल्याच्या मापाकडे बघावं तसा.

"काय देलं त्यानं तुले, हे सांगाले?"

"लेकराची आन घेतो मी!"

"घेशीन. माणूस कायबी घेते." तो भिंतीला धरून उठला आणि वाकत वाकत दाराकडे निघाला. "तूच म्हनत होती नं, कोनावर भरोसा ठिऊ नोका."

सोजराबाई दारात आडवी उभी राहून शपथांवर शपथा घेत होती. आपल्यावर कुणी विश्वास ठेवावा अशी गरज तिला जन्मात पहिल्यांदाच पडली होती. शालिग्रामनं तिला हातानं बाजूला सारलं आणि तो चावडीकडे गेला.