माझ्या टपातला सूर

मी एक जुनी मोटार आहे. लातुरात एका अडत दुकानामागच्या अंगणात विटांच्या थप्प्यांवर मला उभी केली आहे. मित्रांनो, लपाछपी खेळताना तुम्ही माझ्यात शिरता आणि एकमेकांना विचारता, "हिची दारं काहून उघडत न्हाईत रे? हिला टप का न्हाई?" आता बोलायचाही शीण येतो. तरी सांगते.

मी मद्रासच्या कारखान्यात जन्मले. मला दारे दोनच होती आणि टप बुटका, पाठीकडे उतरता. डाळीचे व्यापारी ईश्वरप्पा यांनी मला हैदराबादेहून आणले, तेव्हा सगळा बाजार मला 'दोनदारी' म्हणू लागला. अप्पांना व्यापाराइतकाच कीर्तनाचा नाद. कुठल्याही गावी शिवनाम सप्ताह असो, नामांकित कीर्तनकार महानंदाक्कांना कीर्तनाला न्यायचे ते माझ्यातूनच.

पुढची डावी जागा अक्कांची. कीर्तनकार जिथे बसला ती गादी झाली, ती विकायची नाही, तिच्यावर दुसऱ्याने टेकायचे नाही, असा अप्पांचा नेम. त्या जागेवर पांढरे धोतर अंथरलेले असे आणि खुद्द घरधनीण दानम्मा मागे अंग चोरून बसत.

बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले. माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, तर अक्का तिथेच दुपारच्या सुटीत कीर्तनाला उभ्या राहू लागल्या. जाताना धूळ फार, म्हणून काचा वर करायच्या. मग बंद गाडीत अक्का गळा मोकळा करीत. त्यांचा सूर माझ्या टपाला लागे आणि तिथून साऱ्या अंगाच्या पत्र्यात उतरे. मीही गुणगुणू लागे.

"अप्पा," अक्का हसून म्हणत, "तुमची मोटार माझ्यामागं सूर धरून राहिली बघा. टाळकरीण हाय ही!"

एवढी शाबासकी मला जन्माला पुरली असती.

पुढे दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. अप्पांचा मुलगा पंचाक्षरी हैदराबादेत एक उघडी, शर्यतीची गाडी पाहून आला होता. त्याला झोप लागेना.

"अप्पा, आता आपुन जिल्ह्याचे झालो. ही डबडी काय दावायची लोकायला? वारं कापत जानारी उघडी गाडी पाहिजे. ही इकून टाका."

"इकायची न्हाई. अक्काची गादी हाय तिच्यात."

"मंग गादी ऱ्हाऊ द्या. टप तेवढा कापतो. इंजन बी तगडं बसवतो."

अप्पांनी डबीतली विभूती कपाळाला लावली. मग म्हणाले, "गादीला हात लावू नको म्हंजे झालं."

"बाप-लेक मिळून भांड्याचं झाकण फेकायला निघाले," दानम्मा चुलीपासून बोलल्या. "पाऊस आला म्हंजे?"

"पाऊस कुठं हाय, अव्वा?" पंचाक्षरी म्हणाला. खरेच, श्रावण लागला तरी आभाळ कोरडे होते.

नांदेडच्या एका कारखान्यात माझा टप करवतीने उतरवला. तगडे इंजिन बसवले, अंगाला लाल रंग दिला. टपच माझे अंग धरून होता, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. तो गेला तशी मी मधोमध खचले आणि दोन्ही दारे चौकटीत आवळून बसली. "शर्यतीच्या गाडीत उडी मारूनच बसतेत," पंचाक्षरी ऐटीत म्हणाला. कापलेला टप घरी आणून अंगणात उलटा ठेवला. देवणी गाईला पाणी प्यायला हौद झाला.

खोटे का बोलू? गंजगोलाईच्या बाजारात पोरे माझ्याभोवती जमली, तेव्हा मलाही गर्व चढला होता.

श्रावणातच रेणापूरला सप्ताह होता. शेवटच्या दिवशी प्रसादाचे कीर्तन अक्कांचे. सगळा तालुका त्यासाठी थांबलेला. अक्का आता साठीला आलेल्या. दार उघडेना, म्हणून स्टूल लावून त्यांना वरून आत उतरवले.

"गाडी हाय की पाळणा रे ही?" त्या हसल्या.

पंचाक्षरीने वेग धरला. सवयीप्रमाणे अक्कांनी आलाप सुरू केला. मी कान लावला होता. पण सूर ओठांवरून निघाला तो थेट मागे, वाऱ्यावर. स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येईना, म्हणून त्या आणखी वर चढल्या. तोंडात धूळ गेली.

"जरा हळू, बाबा!" त्या ओरडल्या. तेही वाऱ्याने नेले.

मांडवात मृदंग लागला होता. अक्का वीणा घेऊन उभ्या राहिल्या, तोंड उघडले आणि नुसती हवा आली. पुन्हा उघडले. बाया पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. अखेर अक्कांनी हात जोडले, खुणेने आरतीचे ताट मागितले. ते कीर्तन झालेच नाही. अप्पा खांबाआड मान घालून उभे होते.

आवाज पुढे परतला, पण वरची पट्टी परतली नाही. अक्कांनी कीर्तन सोडले.

एकदा त्या अप्पांच्या घरी आल्या. अंगणात हौदाशी टेकल्या. पाण्याची टंचाई, हौद कोरडा. बोलता बोलता त्या आपल्याशीच गुणगुणल्या, आणि रिकाम्या टपाने मागे सूर धरला! अक्का दचकल्या. वाकून पुन्हा तोच सूर लावला. पुन्हा आला.

"अप्पा," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी खाली गादी जपत बसलात. माझी गादी वर होती."

अप्पा खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. पंचाक्षरीने टप परत जोडायची खटपट केली. पण खचलेल्या अंगावर तो बसेना. तेव्हापासून त्याने मला विकले नाही, चालवलेही नाही.

मित्रांनो, माझ्यात खुशाल खेळा. पण घरातले जुने काही कापायला, मोडायला निघालात, तर आधी ते वापरणाऱ्याला विचारा. अप्पांनी सगळे केले. अक्कांना तेवढे विचारले नाही. आणि एक करा. तिकडे गाईने पाणी पिऊन हौद रिकामा केला, की त्या टपात तोंड घालून कधी एखादी ओळ म्हणा. मी इथून ऐकत असते.