भरल्या हाताचं येणं

पंचवटीत, गोदेपासून दोन गल्ल्या वर, गोदातीर सेवा क्लबची एक खोली होती. आत चार चाकाच्या खुर्च्या, सहा वॉकर, कुबड्यांचे सात जोड, हवेच्या दोन गाद्या, आणि कळ फिरवली की डोक्याकडची बाजू वर येते अशा दोन लोखंडी खाटा. कुणाचं हाड मोडलं, कुणाला लकवा मारला, कुणाच्या घरचं माणूस अंथरुणाला खिळलं, की यायचं, वहीत नाव लिहायचं आणि हवं ते घेऊन जायचं. भाडं नाही, अनामत नाही. काम झालं की परत आणून द्यायचं, एवढंच.

वही होती नवसाबाईच्या हातात. नवसाबाई मखमलाबादच्या मळ्यातली, शेवंती नि झेंडू पिकवणाऱ्या घरची. वीस वर्षं सराफ बाजाराच्या फुलबाजारात पाटी घेऊन बसली. गुडघे कुरकुरायला लागले तशी पाटी सुनेकडे दिली आणि क्लबच्या डॉक्टरांनी तिला इथं खुर्चीवर आणून बसवलं. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं, आणि म्हसरूळपासून आडगावापर्यंत कुणाची लेक कुणाच्या घरी दिलीय ते तोंडपाठ. पाच वर्षं खोली तिनं लेकरासारखी सांभाळली.

या खोलीची एक रीत होती. ती कुणी घालून दिली नव्हती, आपोआप पडली होती. वस्तू परत यायची ती एकटी कधी यायची नाही. वॉकरच्या दांडीला मेथीची जुडी बांधलेली असायची. चाकाच्या खुर्चीत माणसाच्या जागी पेरूची पाटी बसून यायची, मोठ्या रुबाबात, जणू दवाखान्यातून घरी निघालीय. कुणी भुईमुगाच्या शेंगा आणायचं, कुणी गिलकी, कुणी नुसताच वाटीभर गूळ. गुरुवारच्या बैठकीत मेंबर लोक पेरू खायचे, सुकायला आलेली भाजी नवसाबाई घरी न्यायची. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या जुलैत क्लबचे अध्यक्ष बदलले. संतोषशेठ आले. सातपूरला त्यांचा मशीनचे भाग बनवायचा कारखाना होता. माणूस सरळ, कामाला वाघ; पण जगातली प्रत्येक गोष्ट मोजून, तासून, जागेवर बसवायची सवय. पहिल्याच आठवड्यात ते रंगाऱ्याकडून पाटी रंगवून घेऊन आले.

'येथील सेवा पूर्णपणे मोफत आहे. कृपया कोणतीही भेटवस्तू आणू नये. आणल्यास स्वीकारली जाणार नाही.'

"मावशी, तुमच्यासाठीच आहे हे," खिळा ठोकता ठोकता ते म्हणाले. "मागच्या बैठकीत कुणीतरी बोललं. केंद्रातल्या बाई पिशवी भरून घरी जातात म्हणे. मला खरं वाटलं नाही. पण लोकांच्या तोंडाला कुठं हात लावणार? ही पाटी लागली की प्रश्नच मिटला."

नवसाबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वीस वर्षं बाजारात बसली, पण गिऱ्हाइकाला एक फूल तिनं कधी मापात कमी दिलं नव्हतं. पिशवी भरून म्हणे! ती एवढंच बोलली, "बरं केलंत, शेठ. आता काडी आत येऊ द्यायची नाही मी."

आणि तिनं खरंच येऊ दिली नाही.

पहिली सापडली गोजराबाई. सत्तरीची, काळीसावळी, डोईवर पदर आणि तोंडात कायम एखादी ओवी. तिचे म्हातारबा, फकिरा, बांधावरून पडले होते, खुबा मोडला होता. अडीच महिने वॉकर धरून चालले आणि आता हातात नुसती काठी घेऊन मळ्यात फिरायला लागले होते. गोजराबाई रिक्षातून उतरली ती एका हातात वॉकर आणि डोईवर शेंगांचं गाठोडं घेऊन.

"घे गं नवसे, उतरव. मान मोडली माझी."

"वॉकर ठेव काकू. गाठोडं तेवढं परत ने."

"आँ?"

"पाटी वाच की."

"मला कुठं वाचता येतंय?"

नवसाबाईनं वाचून दाखवली, ठणठणीत आवाजात, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावी अशी. गोजराबाईनं वॉकर भिंतीला टेकवला, गाठोडं पुन्हा डोईवर घेतलं आणि चालत निघाली. रिक्षासुद्धा केली नाही. भर दुपारी, भर गल्लीतून, भरलं गाठोडं घेऊन ती परत गेली, आणि ओट्या-ओट्यावरच्या बायांनी ते बघितलं.

नवसाबाईला मात्र त्या दिवशी स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

मग श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला. वस्तू बाहेर जात होत्या, आत काही येत नव्हतं. दिवाळीपर्यंत खोलीत तीन कुबड्या राहिल्या, त्याही बिनजोडीच्या. दारात माणूस यायचा, आशेनं आत डोकवायचा आणि मान हलवत परत जायचा. एक पोरगी, दीपमाला तिचं नाव, तीनदा येऊन गेली. सासऱ्याला लकवा झालेला, पाठीला जखमा व्हायला लागलेल्या. "खाट आली का हो, मावशी?" नवसाबाईला तिच्या तोंडाकडे बघवेना.

नोव्हेंबरच्या बैठकीत संतोषशेठनी वही उघडली. "पंचवीस वस्तू बाहेर आहेत. चार महिन्यांत वॉकर परत आला तो एक. लोकांना फुकट मिळालं की किंमत राहत नाही. मला वाटतं केंद्र बंद करावं. खोली चांगली आहे, कॉम्प्युटरचा क्लास काढू. पोरं शिकतील, काळाची गरज आहे."

दोन-चार माना हलल्या. डॉक्टर काही म्हणणार तोच दाराशी उभी असलेली नवसाबाई पुढं आली. बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

"शेठ, रविवारपर्यंत थांबा."

"तीन दिवसांत काय होणार, मावशी?"

"वस्तू येतील."

"सगळ्या?"

"मी खोटं कशाला बोलू? पण खोली भरलेली दिसेल तुम्हाला. नाही दिसली तर किल्ली मीच आणून देते."

बोलून तर बसली. बाहेर आल्यावर पाय डगमगले नाहीत. गुडघे कुरकुरले तेवढे.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून ती निघाली. मनात राग होता. मेल्यांना फुकट मिळालं तर पचवायला बघतात, असंच तिलाही वाटत होतं. पण पहिल्या घरी गेली तर चाकाची खुर्ची ओसरीवर उभी. धुतलेली, पुसलेली, चाकांना तेल दिलेलं, वर जुनं स्वच्छ लुगडं झाकलेलं. "आणणारच होतो, मावशी," घरधनी म्हणाला आणि खाली बघायला लागला. दुसऱ्या घरी कुबड्या देव्हाऱ्याच्या शेजारी उभ्या. "उद्याच येणार होते बघा," सून म्हणाली, तीही खाली बघतच. तिसऱ्या घरी तेच. चोर अशी वस्तू पुसून ठेवत नाही. मग हे लोक येत का नाहीत?

तिसऱ्या घरच्या बाईनंच शेवटी वाट दाखवली. "आम्हाला नका विचारू. गोजराकाकूला विचारा."

गोजराबाई मळ्यात वाल तोडत बसली होती. शेजारी बाजेवर फकिराबा ऊन खात होते.

"आली का गं साहेबीण?" गोजराबाईनं वर न बघताच विचारलं.

"काकू, लोक वस्तू का आणून देत नाहीत?"

"कशी देतील? मोकळ्या हातानं?"

"पाटीवर लिव्हलंय ना, काही आणू नका म्हणून."

"तुझ्या पाटीला काय कळतंय! ज्या वॉकरनं माझा म्हातारा उठून उभा राहिला, तो मी नुसता नेऊन टाकू? उंबऱ्यात फेकल्यावानी? आन् भरल्या हातानं यावं तर तू गल्लीत वाचून दाखवतीस." तिनं शेंगांची मूठ सुपात टाकली आणि टाकता टाकताच ओवी म्हटली,

"शेजीची वाटी आली माझ्या दारी भरून,
मोकळी कशी धाडू, गूळ ठेविते वरून."

"तुझी माय शेजारणीला वाटी कशी धाडायची गं, नवसे?"

नवसाबाई मटकन बांधावर बसली. तिची माय! घरात पीठ नसलं तरी शेजारणीची वाटी मोकळी जात नव्हती; काही नाही तर चार तुळशीची पानं, चिमूटभर साखर. आणि तिची लेक खुर्चीवर बसली, हातात वही आली आणि भरलं गाठोडं दारातून परत धाडून मोकळी झाली. त्या दिवसाचा तिचा सगळा अभिमान बांधावरच्या धुळीत मिसळला.

"चुकले, काकू," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तुझं मन मोडलं."

"मन कसलं, मान मोडली माझी! जाताना डोईवर, येताना बी डोईवर."

"खोटं हाय," बाजेवरून फकिराबा बोलले. "शेंगा परत आल्या तर मला लय बरं वाटलं. आठ दिवस भाजून खाल्ल्या."

"तुम्ही गप बसा. दात नायत तोंडात, शेंगा म्हणे खाल्ल्या!"

तिघंही हसले. गोजराबाईनं उठून मेथीच्या चार जुड्या उपटल्या आणि नवसाबाईच्या पिशवीत कोंबल्या. "परत धाडशील?"

"आता धाडल्या तर तोंड दाखवणार नाही."

"मंग जा. मी सांगते बायांना."

पण नवसाबाईची वही अजून संपली नव्हती. हवेची एक गादी झुंबरच्या घरी होती. झुंबर हा टेम्पो चालवणारा, बिनलग्नाचा. त्याची आई सव्वा महिन्यापूर्वी त्याच गादीवर गेली होती. तिथं कुणाला काय विचारायचं? तो काय घेऊन येणार होता, आणि कशाबद्दल?

दार उघडं होतं. चूल थंड, कोपऱ्यात हॉटेलातल्या पावाच्या पिशव्या. गादी घडी घालून खुंटीवर. झुंबर तिला बघून गडबडला. "मावशी, मी येणार होतो. पण माणूस तर राहिलं नाही. मग आनंदानं काय आणायचं, असं वाटायचं. आणि नुसतं यायला पाय उचलत नव्हता."

नवसाबाईनं एकदा थंड चुलीकडे बघितलं. मग हात पिशवीत गेला. तिनं मेथी काढली, जमिनीवर बसली आणि निवडायला लागली. झुंबरही समोर बसला. दोघांनी मिळून दोन जुड्या निवडल्या. तिनं चूल पेटवली, लसूण ठेचला, भाजी टाकली, चार भाकरी थापल्या. सव्वा महिन्यानं त्या घराच्या धुराड्यातून धूर वर गेला. झुंबर जेवला आणि जेवता जेवता आईबद्दल बोलत राहिला. ती कशी रागवायची, कशी गाडीचा आवाज ओळखायची. भांडी घासून झाल्यावर त्यानं स्वतःच खुंटीवरची गादी काढली.

"टेम्पो काढतो, मावशी. नुसती गादीच न्यायची का? आणखी कुठलं सामान असंल तर सांगा. येईन घेऊन."

परतताना टेम्पोत बसून नवसाबाईला एक गोष्ट लख्ख कळली. गोजराबाईच्या मळ्यातली मेथी तिच्या पिशवीत राहिली असती तर सुकली असती. ती पुढच्या घरी गेली, म्हणून तिथली चूल पेटली.

रविवारी सकाळी तिनं पाटी स्वतः खाली काढली. नऊ वाजता पहिली चाकाची खुर्ची आली, पेरू घेऊन. मग कुबड्या, त्यांना कोथिंबीर. मग टेम्पो: दोन्ही खाटा, तीन वॉकर आणि त्यांच्यामध्ये कांद्याच्या पातीचे भारे, शेंगांचं गाठोडं, शेवंतीची टोपली, आणि सगळ्यांत वर, लोखंडी खाटेवर राणीसारखी मांडी घालून गोजराबाई. झुंबर मोठ्यानं हॉर्न वाजवत होता. गल्लीतले लोक बाहेर आले.

संतोषशेठ स्कूटरवरून उतरले ते बघतच राहिले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "मावशी, पाटी?"

"काढली."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर बैठक घ्यावी लागली असती."

शेठच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी आवाज गंभीरच ठेवला. "हा सगळा भाजीपाला आला, त्याचं काय? उद्या पुन्हा कुणी बोललं तर?"

"यातलं एक पान मी घरी नेणार नाही, आणि क्लबही ठेवणार नाही. वस्तू इथून बाहेर पडेल तेव्हा त्या घरी जाईल हे. आजाऱ्याच्या घरात बाजारहाट करायला वेळ कुणाला असतो, शेठ? आपण खाट देतो. खाटेशेजारी बसणारीला दोन घास नको?"

"म्हणजे एकाचं दुसऱ्याला."

"हो. आपण मधी नुसती वाट."

शेठ कारखानदार होते. चाकाला चाक लागून गाडी चालते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी वाकून पातीचा एक भारा जरा बाजूला सरकवला. "बरं. पण याची नोंद कशी ठेवायची?"

"हे तेवढं राहू द्या बिननोंदीचं," नवसाबाई म्हणाली.

"आणि माझा कॉम्प्युटर क्लास?"

"तुमच्या कारखान्यात जागा नाय का रं बाबा?" खाटेवरून गोजराबाईनं विचारलं. "आधी मला खाली उतरव. गुडघे धरले."

अध्यक्षांनी दोन्ही हात पुढं केले आणि तिला उतरवून घेतलं.

तेवढ्यात दीपमाला आली. चौथ्यांदा. दारात थबकली, खाटांकडे बघितलं, आणि काही विचारायचं धाडसच तिला होईना. नवसाबाईनं वही उघडली, तिचं नाव लिहिलं. मग ओंजळभर शेंगा घेतल्या, दोन पेरू, पातीची एक जुडी, फडक्यात बांधलं आणि गाठोडं खाटेच्या उशाला ठेवलं.

"हे कशाला, मावशी?"

"खाट मोकळी जात नाही आपल्याकडची. सासऱ्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळव. आणि तू स्वतः जेव, कळलं का?"

पोरीनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली. झुंबरनं टेम्पोची फळी पाडली. खाटेचे दोन पाय त्यानं धरले, दोन संतोषशेठनी. शेठच्या पांढऱ्या सदऱ्याला पातीचा हिरवा डाग पडला, तो त्यांनी बघितला आणि तसाच राहू दिला.

दुपारपर्यंत दुसरी खाट गेली, दोन खुर्च्या गेल्या, गादी गेली. प्रत्येकीबरोबर एक एक गाठोडं गेलं. सकाळी भरलेली खोली अर्धी मोकळी झाली. शेठनी दारात उभं राहून उरलेले वॉकर मोजायला सुरुवात केली आणि मधेच मोजणं सोडून दिलं.

"येतील ना हो परत, मावशी?"

नवसाबाई पुढचं नाव लिहीत होती. तिनं मानही वर केली नाही.

"येतील की. तुम्ही जरा बाजूला व्हा, शेठ. मागं माणसं उभी आहेत."