चकचकीत रांगेतलं पाचवं बटण

दुसरीच्या वर्गात जमिनीवर खडूने चौकटी आखल्या होत्या. घरून आणलेल्या वस्तू मुलांनी त्यात मांडायच्या: टोपणं एका रांगेत, गोट्या दुसरीत, चकचकीत ते तिसरीत. मग कागदावर तितक्याच चौकटी रंगवायच्या. हात चालले की गणित आपोआप चालतं, असं बाई येईल त्याला ऐकवायच्या.

चकचकीत रांगेशी त्या वाकल्या आणि पुन्हा मोजू लागल्या. कागदावर पाच चौकटी रंगवलेल्या, जमिनीवर मात्र चारच बटणं. आणि ती बटणं नव्हतीच, घड्याळातले सेल होते.

"हे कोणी आणलं?"

"मी. बाबांच्या दुकानातून," घड्याळवाल्याची मुलगी म्हणाली. "पाच होते."

चटया झटकल्या, खिसे उलटे केले, दप्तरं पालथी घातली. पाचवा कुठेच नाही. असला सेल घशात अडकला तर आतून भाजत जातो, हे बाईंना ठाऊक होतं. "कोणी गिळलं का रे?" म्हणताच पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ओरडलं असतं तर एकानेही तोंड उघडलं नसतं, म्हणून त्यांनी ओरडणं कसंबसं गिळलं.

त्यांनी खडूने दोन मोठे गोल काढले. घाईत गोल कसले, भोपळेच झाले.

"आता आपलेच गट करायचे. आज ज्यांनी काही तोंडात घातलं ते इकडे, बाकीचे तिकडे. रागावणार नाही. मी पेन चावते, म्हणून मी इकडे."

बाईच गोलात उभ्या म्हटल्यावर पोरांना जोर चढला. कोणी खोडरबर चावला होता, कोणी शर्टाची कॉलर, एकाने तर खडूच चाखला होता. सेल कोणीच नाही.

"कोण राहिलं?"

खिडकीशी त्यांची स्वतःची मुलगी उभी होती. ना या गोलात, ना त्या. शाळेत आईला बाई म्हणायचं, अहो-जाहो करायचं आणि सगळ्यांपेक्षा शहाण्यासारखं वागायचं, हा दंडक बाईंचाच. आपली पोर असलं काही करणार नाही, या खात्रीपायी त्यांनी इतका वेळ तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"जिभेवर ठेवलं होतं, बाई. गार लागलं," ती पुटपुटली. "मग गिळलंच गेलं. दुखतंय इथे."

बाईंनी तिला उचललं आणि तशाच धावल्या. मुख्याध्यापकांनी गाडी काढली. वाटेत पोरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "वेळेत आणलंत, लगेच काढतो. आईची परवानगी लागेल. आई कुठे आहे हिची?"

मुलीने घाबरून डॉक्टरांचा हात धरला.

"आईला नका बोलावू. बाई आहेत ना."

डॉक्टर दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिले. "मीच तिची आई," हे सांगताना बाईंना मान वर करवली नाही.