नुसते ‘नाही’

वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी, दुपारी, बँकेच्या दुसऱ्या मजल्यावरील भागधारक कक्षात शिलाईयंत्रे दुरुस्त करणारे एक गृहस्थ सपत्नीक हजर झाले.

ज्या परदेशी कंपनीची यंत्रे उघडण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, तिचे शेअर तिकडच्या बाजारात. या बँकेने ते तिकडेच ठेवून त्यांच्या बदल्यात इथे डिपॉझिटरी रिसीट विकायला काढल्या, तेव्हा त्यांनी काही घेतल्या. कंपनी सुट्या भागांचा जुना कारखाना मोडीत विकणार, अशी कुणकुण होती. आणि पत्नीचे शिवणकाम त्याच जुन्या यंत्रावर चालत होते.

“लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय?” पत्नी म्हणाली होती.

“मालकांना विचारल्याशिवाय कारखाना विकता येत नाही. आता मी मालक आहे.”

“मालक! आधी घरातला नळ बदला.”

आणि खरोखरच विचारणा झाली. कंपनीच्या वार्षिक सभेपुढे येणाऱ्या या विक्रीला संमती आहे की नाही, हे बँकेला मोबाइलवर कळवायचे होते. परंतु कारणांवाचून नकार देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी निवेदन रचले. ‘विनंती’ खोडून ‘मागणी’ केली, ‘मागणी’ खोडून पुन्हा ‘विनंती’. ते घेऊन आज ते आले होते.

“काका, मतं आम्ही गेल्या आठवड्यातच तिकडे पाठवली,” कक्षातील मुलगी म्हणाली.

“सभा तर उद्या आहे!”

“सभा उद्या. पण सगळ्यांची मतं गोळा करून पाठवायची, म्हणून आमची मुदत आधी संपते. कळवलं होतं तुम्हाला.”

“वाचलं होतं. पण कारण न देता ‘नाही’ म्हणणं म्हणजे मत नव्हे, हट्ट झाला.”

“कारणं तिकडे जातच नाहीत, काका. हो किंवा नाही, एवढंच.”

“मग मी स्वतः सभेत बोलतो.”

“तिथं शेअर बँकेच्या नावावर आहेत. तुमच्याकडे रिसीट आहे.”

“म्हणजे नुसतं बोट टेकवायचं होतं?” पत्नीने विचारले.

“एवढंच, काकू.”

जिन्यात तिने निवेदन मागून घेतले आणि कठड्याला टेकून वाचले. यंत्राच्या आवाजावरून ती आज थकली आहे की रागावली आहे, हे आपल्याला दुकानात बसून ओळखता येते, असे त्यात तिसऱ्या परिच्छेदात होते. तेवढे तिने दोनदा वाचले.

“माझ्या यंत्राची बाजारात असतील तेवढी शटल आजच आणून ठेवा,” ती म्हणाली.

“आणि निवेदन?”

“सुंदर आहे. पण नुसतं ‘नाही’ म्हणायला हवं होतं तुम्ही.”