मले घेऊन चाल

'आमच्या टायमाले' हे किसनरावांचं पेटंट वाक्य. आमच्या टायमाला सात वर्षांचं पोट्टं गुरं राखायचं, आठव्या वर्षी एसटीत एकटं बसून मामाच्या गावाला जायचं. आणि आता दहा वर्षांच्या नातवाला दाराशी व्हॅन लागते, कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी आई सोबत! सून सुरभी हे सगळं हसून ऐकून घ्यायची आणि करायचं तेच करायची.

त्या रविवारी तिने त्यांना बंटीला आत्याकडे पोचवून यायला सांगितलं. आर्णीच्या स्टँडवर किसनरावांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, त्यांनी पोराला महागावच्या गाडीत बसवलं, "याच्या आत्याच्या गावच्या फाट्यावर उतरवून द्या बरं," असं कंडक्टर बाईंना सांगितलं आणि स्वतः खालीच राहिले. खिडकीत बंटीचा चेहरा असा फुलला की म्हातारा खूश. टपरीवर चहा पिता पिता त्यांनी ही मर्दुमकी चौघांना ऐकवलीसुद्धा.

बऱ्याच वेळाने आत्याचा फोन आला. "बाबा, तुमी दोघं कुठी राह्यले? गाडी त कवाचीच गेली."

किसनरावांच्या पायाखालची जमीन सरकली. फाट्यावर आता चौपदरी रस्ता आहे, ट्रक नुसते सुसाट सुटतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? ठाऊक होतं, पण फुशारकीपुढे शहाणपण कधी टिकलंय! देवा, पोट्टं सुखरूप असू दे, पुन्हा म्हणून 'आमच्या टायमाले' म्हणणार नाही, असं ते पुटपुटत राहिले. सुरभीला काय तोंड दाखवायचं? तेवढ्यात तिचाच फोन वाजला.

"बाबा, घाबरू नका. बंटी महागावच्या स्टँडवर हाये. त्याले माहा नंबर पाठ हाये ना, कंडक्टर बाईनं मले फोन केला."

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि तो भर स्टँडवर ढसाढसा रडला. लोक बघत होते, बघेनात का! मिळाली ती पहिली गाडी त्यांनी पकडली.

महागावला बंटी बाकावर पाय हलवत आलुबोंडा खात बसला होता. परतीची गाडी सोडायची वेळ झाली तरी कंडक्टर बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याजवळ उभ्या होत्या.

"आबाजी, पोट्टं हाये का पार्सल? फाट्यावर घ्यायले कोनीच नाही. एवढा मोठा रस्ता एकट्यानं कसा ओलांडला असता त्यानं? म्हनून उतरूच देल्लं नाही."

किसनरावांनी हात जोडले. हे जन्मात पहिल्यांदा घडलं.

"आबा, लय मज्या आली," बंटी तोंड पुसत म्हणाला. "आता आत्याकडे बी मी एकटाच जातो. मले भेव नाही लागत."

किसनरावांनी त्याचा तेलकट हात घट्ट धरला.

"तुले नाही लागत रे राजा," ते म्हणाले, "मले लागते. मले घेऊन चाल."