खालच्या आळीची फॅट

"नळ सोडलास काय गं किटलीत?" डेअरीत फॅट काढणारा खिदळला. रांगेतले दोघे-चौघे हसले. आमच्या काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गावात आळ्या दोनच. वरच्या आळीचा धर्म एक, आमच्या खालच्या आळीचा दुसरा. कालव्याकाठची काळी जमीन त्यांची, खडकाळ माळ आमचा. डेअरीतला शिपाईसुद्धा त्यांचाच. ज्याच्या हाती ससा तो पारधी! दुधाचा भाव फॅटवर, आणि आमच्या म्हशींनी कितीही पेंड खाल्ली तरी फॅट पाचच्या वर चढायची नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, "तुमच्या लोकांना जनावर राखताच येत नाही."

वरच्या आळीतली शिंपीण काकूची जिवाभावाची. दोघींच्या म्हशी सख्ख्या बहिणी, चरायला एकाच गायरानात. काकू थेट तिच्याकडे गेली.

"उद्या माझं दूध तू ने, तुझं मी नेते."

"नको गं बाई. आमच्या आळीत मला कुणी उभं करायचं नाही."

"राहू दे मग. पण तुझ्या तोंडानं सांग, मी पाणी घालते?"

 सकाळी शिंपीण स्वतःच किटली घेऊन काकूच्या दारात हजर.

डेअरीत शिंपिणीच्या हातातल्या दुधाला लागली सात. काकूच्या हातातल्याला साडेचार.

"ते सातवालं दूध माझं!" काकू गरजली. "वाटेत धर्म बदलला काय रे त्यानं?"

शिंपीण पुढं झाली, "खरंय. किटल्या आम्ही बदलल्यात."

 डेअरीचे चेअरमन धावत आले. "वहिनी, माणसाकडून चूक होते. कशाला वाढवता?"

"नऊ वर्षं रोज चूक? आणि एकदाही आमच्या बाजूनं नाही? एवढी शहाणी चूक जन्मात बघितली नाही मी!"

काकूनं दारातच बसकण मारली. आमच्या आळीच्या बाया शेजारी येऊन बसल्या. ऊन चढलं, वरच्या आळीचं दूध नासायला आलं, तेव्हा कुठं चेअरमन नमले. सगळ्यांसमोर आमच्या दुधाची पुन्हा फॅट काढली. सहा पॉइंट आठ, सात, सहा पॉइंट सहा. सगळे आकडे आमचे.

आमच्यातलं कुणी हसलं नाही. नऊ वर्षांचं गेलेलं कोण आणून देणार?

शिंपिणीकडे महिनाभर वरच्या आळीतून शिवायला एक कापड आलं नाही. तरी ती रोज काकूच्या मागेच रांगेत उभी राहते. फॅट काढणारा मान वर करत नाही, आणि काकू त्याच्या हातावरची नजर काढत नाही.