इब्राहीमच्या बेटावर

नानासाहेबांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते अंदमानला समुद्र बघायला निघाले नव्हते. ते इब्राहीमला परत आणायला निघाले होते.

दोघं फुलंब्रीच्या शाळेत एका वर्गात होते. पुढं नानासाहेबांनी शेती सांभाळली आणि इब्राहीमनं स्टँडजवळ पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलं. संध्याकाळी तो जळालेली मोटार उघडून तारा गुंडाळत बसायचा आणि नानासाहेब दारातल्या बाकड्यावर बसून त्याच्याशी वाद घालायचे. विषय कुठलाही चालायचा. असं करता करता दोघं म्हातारे झाले. मग इब्राहीमची बायको गेली. त्याची एकुलती मुलगी जन्नत अंदमानातल्या नील बेटावर सरकारी शाळेत शिक्षिका होती, जावई ओवैस तिथल्याच जेट्टीवर नोकरीला. वडिलांना एकटं ठेवायचं नाही म्हणून जन्नत त्यांना घेऊन गेली.

त्यानंतर वर्षभरात नानासाहेबांच्या पत्नी वच्छलाबाई गेल्या. मुलानं, विश्वजीतनं, शेत बटईनं दिलं आणि वडिलांना शहरात, हर्सूलच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. मुलगा चांगला होता, सून दीपमाला चांगली होती, नात तनुजा तर त्यांच्याच कुशीत झोपायची. नानासाहेब वेळेवर जेवायचे, तलावापर्यंत फिरून यायचे, पण बोलायचे नाहीत. "हां", "नको", "ठेव तिथं" एवढंच. दीपमालेला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय.

इब्राहीमचा फोन आला की मात्र त्यांचा आवाज गॅलरीतून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. "या ना सगळे इकडं," असं इब्राहीम दर फोनला म्हणायचा. शेवटी दीपमालेनंच ते मनावर घेतलं आणि विश्वजीतला सुट्टी टाकायला लावली.

जहाज नीलला लागलं तेव्हा इब्राहीम धक्क्यावर उभा होता. लुंगी, डोक्यावर टोपी, अंगानं वाळलेला.

"क्या रे नाना, पूरी बारात लेके आया," तो म्हणाला.

"काळा पडलास तू," नानासाहेब म्हणाले.

"आन् तू पांढरा."

गळाभेट काही झाली नाही. इब्राहीमनं बॅग उचलली, नानासाहेबांनी ती ओढली, आणि शेवटी एकेक बंद धरून दोघं पुढं चालू लागले.

घर पत्र्याचं होतं, सुपारीच्या झाडांत. मागच्या दारातून समुद्र दिसायचा. दीपमालेनं बॅगेतून ज्वारीचं पीठ आणि घरच्या येसर मसाल्याचा डबा काढला. जन्नतनं झाकण उघडून वास घेतला आणि डबा तसाच नाकाशी धरून ठेवला.

"वच्छलाकाकू करायच्या अगदी तसाच आलाय," ती म्हणाली.

"त्यांनीच शिकवलाय मला," दीपमाला म्हणाली.

नानासाहेब उठून बाहेर गेले.

पुढचे दिवस कुणी ठरवले नाहीत, ते आपोआप गेले. विश्वजीत पहिल्या दिवशी फोन वर धरून रेंज शोधत अंगणभर फिरला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन खिडकीत ठेवला आणि दुपारी इतका झोपला की तनुजानं त्याच्या पोटावर शिंपले मांडले तरी त्याला कळलं नाही. दीपमालेला जन्नत स्वयंपाकघरात येऊच देत नव्हती. "वैनी, तुम्ही तिकडं घरी करताच की," म्हणून तिला ढकलून बाहेर काढायची. मग दीपमाला झाडाला बांधलेल्या झोळीत पडून राहायची. सुरुवातीला तिला अवघडल्यासारखं झालं, पण नंतर तीच झोळी अडवून बसायला लागली.

पहिल्याच संध्याकाळी नानासाहेब धोतर वर धरून लाटांत जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "लई पाणी हाय."

"आपलं नाथसागराचं धरण विसर आता," इब्राहीम म्हणाला.

पण नानासाहेबांचं लक्ष पाण्यापेक्षा इब्राहीमकडं जास्त होतं. त्यांना वाटलं होतं, तो इथं झुरत असेल. तसं काही दिसेना. बेटावरचे बंगाली भाजीवाले शेतकरी त्याला दादू म्हणायचे. कुणी बंद पडलेला पंप घेऊन यायचं, कुणी वांगी ठेवून जायचं. इब्राहीम मोडक्यातोडक्या बंगालीत त्यांच्याशी हसायचा. त्याला हसताना बघून नानासाहेबांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दिवसभर ते फुगल्यासारखे राहिले.

एका सकाळी ओहोटी लागली होती. पाणी लांब गेलं होतं आणि खडकांमध्ये कोमट डबकी राहिली होती. इब्राहीम त्यातल्या एका मोठ्या डबक्यात जाऊन बसला, लुंगीसकट. नानासाहेबांनी आधी नाही म्हटलं, मग धोतर सावरत तेही त्याच्याशेजारी बसले. इतक्या दिवसांचं मनातलं त्यांनी तिथं बोलून टाकलं.

"दुकान अजून तसंच हाय. शटर फक्त गंजलंय. चल माघारी. बास झालं इथं."

इब्राहीमनं पाण्यात बोटं फिरवली. "तिथं माझं कोण हाय आता, नाना?"

"मी हाय की."

"तू कुठंयस फुलंब्रीत? तू तर हर्सूलला हायस."

 हे नानासाहेबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या बाकड्यासाठी ते इब्राहीमला न्यायला आले होते, त्या बाकड्यावर ते स्वतःसुद्धा बसत नव्हते.

"एक इचारू?" इब्राहीम म्हणाला. "वैनी कशा गेल्या, ते तू मला कधी सांगितलंच नाय. मी फोनवर इचारलं की तू कापसाचं सांगायचा."

"झोपेत गेली."

"ते सगळे सांगतात."

लांब कुठंतरी होडीचं इंजिन वाजत होतं. नानासाहेबांनी ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं.

"सकाळचा च्या मीच केला होता," ते म्हणाले. "तिला बरं वाटत नव्हतं म्हणून. प्याली, म्हणाली लई गोड केलाय. हासली. मग म्हणाली, पडते जरा. लाइट गेली होती. मी पुठ्ठा घेऊन वारा घालत बसलो. झोपलीय, उठवू नये, म्हणून हळूहळू घालत होतो. लई वेळ. शेजारीण आली, तिनं हात लावला, तव्हा कळलं. लोकांना झोपेत गेली म्हणून सांगितलं. वारा घालत बसलो होतो, हे कुणाला सांगितलं नाय."

इब्राहीमनं त्यांच्या पाठीवर ओला हात ठेवला आणि तसाच राहू दिला. नानासाहेबांचे खांदे हलत होते. भरती सुरू झाली होती, पाणी कमरेपर्यंत आलं.

"पाणी चढतंय," जरा वेळानं नानासाहेब म्हणाले.

"चढू दे. बुडत नाय इथं कुणी."

काठावरून तनुजा त्यांच्याकडं धावत निघाली होती. दीपमालेनं तिचा हात धरला. "थांब जरा. आजोबा बोलतायत," ती म्हणाली.

त्या दुपारी दीपमाला हट्टानं स्वयंपाकघरात शिरली; नानासाहेबांनी तिच्या हातच्या दोन भाकरी खाल्ल्या आणि येसरच्या आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. सासऱ्यांनी अशी खोड काढल्यामुळं दीपमालेला इतकं बरं वाटलं की तिनं हसून मीठ वाढलं.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरताना विश्वजीत वडिलांचे कपडे शोधत होता. नानासाहेब दाराशी आले.

"माझे राहू दे. मी थांबतो इथं."

"थांबता म्हणजे? किती दिवस?"

"बघू. उन्हाळ्यात येतो, ह्याला घेऊन. आंबे खाऊन दोघं मिळून इकडं माघारी येऊ."

विश्वजीतच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "नाना, आमच्याकडं काही कमी पडलं का?"

नानासाहेब त्याच्याजवळ कॉटवर बसले. मुलाच्या शेजारी असं बसून ते बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते.

"कमी काय नाय रे. तुम्ही दोघं लई जपता. इतकं जपता की माझ्याशी कुणी भांडत नाय. हा भांडतो."

"लोक काय म्हणतील, बापाला बेटावर सोडून आले."

"सांग त्यांना, बापच येत नव्हता."

विश्वजीत दीपमालेकडं बघायला लागला. ती आधीच नानासाहेबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बाजूला काढत होती. कुठली सकाळी, कुठली रात्री, ते तिनं जन्नतला समजावून सांगितलं. तनुजा मात्र रुसली. आजोबांनी तिला मांडीवर घेऊन उन्हाळ्याचं वचन दिलं, तरी ती जहाजात बसेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. जहाज हललं तेव्हा तिनं हात केला, आणि मग हलवतच राहिली.

 घरी आल्यावर गॅलरीतली नानांची रिकामी खुर्ची आत घ्यावी का, असं विश्वजीतनं दीपमालेला विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या."

चारपाच दिवसांनी नानासाहेबांचा फोन आला. कुणाचा तरी पंप दोघांनी मिळून चालू केला होता, तो इब्राहीमनं चुकीचा जोडला होता, आणि आपण सांगितलं तेव्हाच सुरू झाला, असं ते मोठ्यानं सांगत होते. मागून इब्राहीम "झूठ बोल रहा," म्हणत होता. वांग्यांना अळी पडली होती. जन्नत भाकरी शिकत होती, पण ती थापताना चिरते, असं ते म्हणाले. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवूनसुद्धा दिला.

दीपमाला फोन हातात घेऊन हसत उभी होती, तेवढ्यात तो पुन्हा वाजला.

"इचारायचंच राह्यलं," नानासाहेब म्हणाले. "तुम्ही कसे आहात? जेवलीस का तू?"